प्रोजेक्टरकडे येणाऱ्या सिग्नलचे विभेदन : तपासणी आणि तिचा अर्थ

१. प्रश्नाचा उगम

काही काळापूर्वी आमच्या विभागाच्या चर्चासत्रात एक लहानसाच, पण विचार करावयास लावणारा प्रसंग घडला. सूक्ष्म समांतर रेषांचे एक छायाचित्र पडद्यावर दाखविले जात होते. मूळ छायाचित्रात रेषा सारख्या अंतरावर व सारख्या तीव्रतेच्या होत्या. पडद्यावर मात्र त्या रेषांवर फिकट व गडद अशा रुंद पट्ट्यांची एक मालिकाच उमटलेली दिसत होती. एका विद्यार्थ्याने त्या पट्ट्या मोजावयास आरंभ केला; दुसऱ्याने त्यांची उपपत्तीही सुचविली. बऱ्याच चर्चेनंतर कोणाच्या तरी ध्यानात आले, की संगणकाच्या स्वतःच्या पडद्यावर त्या पट्ट्या मुळीच नाहीत. त्या निसर्गाने निर्माण केलेल्या नव्हत्या, उपकरणानेही केलेल्या नव्हत्या. त्या प्रोजेक्टरने निर्माण केलेल्या होत्या.

तो प्रोजेक्टर घरगुती चित्रपटगृहासाठी, म्हणजे होम थिएटरसाठी, विकला जाणारा होता. असे प्रोजेक्टर आता घरांतून तसेच महाविद्यालयांच्या वर्गांतूनही सर्रास वापरले जातात. आम्ही त्याच्या मेनूत जाऊन पाहिले, तेव्हा तेथे ‘१९२० × १०८०, ६० हर्ट्झ’ अशी नोंद होती. म्हणजे सिग्नल यथायोग्य होता, आणि तरीही चित्र खोटे होते. ही नोंद नेमके काय सांगते, काय सांगत नाही, आणि तिच्यावर कितपत विसंबावे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पडद्यावर पाहून अनुमान काढणाऱ्या प्रत्येकाच्या दृष्टीने प्रोजेक्टर हे मोजमापाच्या साखळीतील एक उपकरणच होय. आणि उपकरणाची पारख केल्यावाचून त्याच्या साक्षीवर भिस्त ठेवणे शास्त्रीय शिस्तीस धरून नाही.

२. ‘विभेदन’ या शब्दाचे दोन अर्थ

प्रकाशशास्त्राच्या अभ्यासकास विभेदन, अर्थात रिझोल्यूशन, हा शब्द परिचित आहे. लॉर्ड रॅले यांनी १८७९ साली मांडलेल्या निकषाप्रमाणे दोन निकटवर्ती बिंदू वेगळे ओळखता येण्याची क्षमता म्हणजे विभेदन. येथे विभेदन हा परिणाम आहे. तो भिंगावर, तरंगलांबीवर व छिद्राच्या व्यासावर अवलंबून असतो. चित्रसिग्नलांच्या व्यवहारात मात्र याच शब्दाने केवळ पिक्सेलांची, म्हणजे चित्रबिंदूंची, संख्या दर्शविली जाते. १९२० × १०८० म्हणजे आडव्या दिशेने १,९२० व उभ्या दिशेने १,०८० बिंदू, एकूण २०,७३,६००. एवढे बिंदू पाठविले गेले, याचा अर्थ एवढे बिंदू वेगवेगळे दिसले असा होत नाही. पहिली गोष्ट पुरवठ्याची आहे, दुसरी फलाची. बहुतेक गैरसमज या दोहोंची गल्लत केल्याने उद्भवतात.

३. तीन स्वतंत्र संख्या

कोणत्याही प्रोजेक्टरच्या बाबतीत तीन संख्या वेगवेगळ्या ध्यानात घ्याव्या लागतात.

पहिली संख्या मूळ चित्राची. जुन्या चित्रफितीवरून घेतलेल्या प्रतीत उभ्या दिशेने ५७६ ओळी असतील, तर पुढे काहीही केले तरी त्यांतील तपशील वाढणार नाही.

दुसरी संख्या सिग्नलची. म्हणजे सेट-टॉप बॉक्स, डिस्क प्लेअर, संगणक इत्यादी स्रोतयंत्रांतून केबलद्वारा प्रोजेक्टरपर्यंत प्रत्यक्ष पोहोचणाऱ्या बिंदूंची. प्रोजेक्टरच्या मेनूत जी नोंद दिसते ती हीच.

तिसरी संख्या प्रोजेक्टरच्या आतील चित्रफलकाची. एलसीडी पद्धतीच्या बहुतेक प्रोजेक्टरांत लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशासाठी तीन फलक असतात. डीएलपी पद्धतीत असंख्य सूक्ष्म आरशांचा एक फलक असतो. त्याचा शोध टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीतील लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली लावला. फलकावरील बिंदूंची संख्या कारखान्यातच कायम झालेली असते. सिग्नल कोणताही येवो, तो शेवटी या ठरावीक बिंदूंवर बसवावा लागतो. हे काम करणाऱ्या विद्युत्‌मंडलास स्केलर म्हणतात.

बाजारातील जाहिरातींत दुसरी व तिसरी संख्या बेमालूमपणे मिसळलेली आढळते. ‘१०८० स्वीकारतो’ असे लिहिलेल्या एखाद्या स्वस्त प्रोजेक्टरचा फलक वस्तुतः १२८० × ७२० बिंदूंचा, म्हणजे ९,२१,६०० बिंदूंचा असतो. त्याच्या मेनूत १९२० × १०८० अशी नोंद दिसली, तरी येणाऱ्या बिंदूंपैकी निम्म्याहून अधिकांना फलकावर स्वतंत्र जागाच नसते. मेनूतील नोंद खोटी नाही. मात्र ती दाराशी आलेल्या पाहुण्यांची संख्या सांगते, घरातील पाटांची नव्हे.

पिक्सेल सरकविण्याच्या तंत्रामुळे यात आणखी एक गुंतागुंत निर्माण झाली आहे. ३८४० × २१६० या विभेदनात, ज्यास व्यवहारात ‘फोर के’ म्हणतात, एकूण ८२,९४,४०० बिंदू असतात. डीएलपी पद्धतीच्या ०.४७ इंची फलकावर आरसे मात्र १९२० × १०८० एवढेच असतात. एका चौकटीच्या काळात प्रतिमा चार किंचित भिन्न स्थानी सरकवून चौपट बिंदू दाखविले जातात. ०.६६ इंची फलकावर २७१६ × १५२८, म्हणजे ४१,५०,०४८ आरसे असतात व प्रतिमा दोन स्थानी सरकविली जाते. काही एलसीडी प्रोजेक्टरांत १९२० × १०८० चे फलक असून प्रतिमा तिरप्या दिशेने अर्धा बिंदू सरकविली जाते. तेथे एकूण स्थाने ४१,४७,२०० होतात. या तिन्ही प्रकारांत मेनूतील नोंद ३८४० × २१६० अशी एकच असू शकते. पडद्यावरील फल मात्र एकच असत नाही.

४. सिग्नलची घडण

प्रोजेक्टरला आपणाकडे येणारे विभेदन कसे कळते? एचडीएमआय केबलमधून बिंदूंची मूल्ये ओळीमागून ओळ व चौकटीमागून चौकट अशा क्रमाने येतात. प्रत्येक ओळीच्या शेवटी व प्रत्येक चौकटीच्या शेवटी काही काळ चित्राविना जातो. दृश्य भाग कोठे सुरू होतो व कोठे संपतो, हे सिग्नलमध्येच दर्शविलेले असते. प्रोजेक्टर त्या खुणांच्या दरम्यानचे बिंदू व ओळी मोजतो. शिवाय सिग्नलबरोबर माहितीचे एक लहानसे पाकीट येते. त्यात प्रमाणित चित्रप्रकाराचा क्रमांक असतो. उदाहरणार्थ, १६ हा क्रमांक १९२० × १०८०, ६० हर्ट्झ या प्रकाराचा व ९७ हा ३८४० × २१६०, ६० हर्ट्झ या प्रकाराचा निदर्शक आहे.

रिकामा काळ हिशेबात घेतल्यावाचून केबलवरील भार कळत नाही. १९२० × १०८० च्या, सेकंदास ६० चौकटींच्या सिग्नलमध्ये प्रत्येक ओळ १,९२० ऐवजी २,२०० बिंदूंच्या काळाची व प्रत्येक चौकट १,०८० ऐवजी १,१२५ ओळींची असते. २,२०० × १,१२५ × ६० हा गुणाकार १४,८५,००,००० येतो. म्हणजे बिंदूंचा वेग १४८.५ मेगाहर्ट्झ झाला. सेकंदास ५० चौकटी असतील, तर ओळ २,६४० बिंदूंची धरतात, आणि वेग पुन्हा १४८.५ मेगाहर्ट्झच येतो. ३८४० × २१६० करिता ४,४०० × २,२५० × ६० या हिशेबाने ५९४ मेगाहर्ट्झ, म्हणजे बरोबर चौपट वेग लागतो.

एचडीएमआयमध्ये तीन वाहिन्या असून या पद्धतीत प्रत्येक ८ बिटांमागे १० बिट पाठविले जातात. यास्तव ५९४ मेगाहर्ट्झच्या सिग्नलला सेकंदास ५९४ × ३ × १०, म्हणजे १७.८२ गिगाबिट एवढी वाहनक्षमता लागते. २००९ सालच्या एचडीएमआय १.४ या आवृत्तीची कमाल मर्यादा १०.२ गिगाबिट होती. २०१३ सालच्या २.० आवृत्तीने ती १८ गिगाबिटपर्यंत नेली. २०१७ सालच्या २.१ आवृत्तीत ती ४८ गिगाबिट झाली. २.० आवृत्तीत ३८४० × २१६०, ६० हर्ट्झ हा सिग्नल जेमतेम मावतो. शिल्लक राहते ती एक टक्क्याच्या आसपास. सेकंदास ६० चौकटींचा हा सिग्नल लांब किंवा निकृष्ट केबलवर वारंवार अडखळतो आणि २४ चौकटींचा चित्रपट त्याच केबलवरून सुरळीत चालतो, याचे कारण येथे सापडते. २४ चौकटींच्या सिग्नलला वेग निम्मा, म्हणजे २९७ मेगाहर्ट्झच लागतो.

५. विभेदन ठरविते कोण?

पुष्कळांची समजूत अशी असते, की स्रोतयंत्र आपल्याजवळचे चित्र जसेच्या तसे पाठविते. वस्तुतः प्रत्येक जोडणीच्या आरंभी दोन्ही यंत्रांत एक प्रकारची बोलणी होतात. प्रोजेक्टरच्या स्मृतीत ईडीआयडी नावाचे एक परिचयपत्र साठविलेले असते. ते १२८ बाइटांच्या तुकड्यांत लिहिलेले असून, प्रत्येक तुकड्यातील सर्व बाइटांची बेरीज २५६ ने निःशेष भागली जावी असा नियम आहे. त्यायोगे वाचनातील चूक ओळखता येते. प्रोजेक्टर कोणकोणते चित्रप्रकार स्वीकारतो व त्यास कोणता अधिक पसंत आहे, याची नोंद या पत्रात असते. स्रोतयंत्र ते वाचते आणि मगच सिग्नलची निवड करते.

यातून तीन परिणाम संभवतात. पहिला असा, की परिचयपत्र वाचताच आले नाही, तर स्रोतयंत्र सर्वांना मान्य अशा अगदी खालच्या प्रकारावर उतरते. ६४० × ४८० हा प्रकार याच कारणास्तव प्रत्येक यंत्राने स्वीकारावा असे बंधन आहे. दुसरा असा, की स्रोत व प्रोजेक्टर यांच्यामध्ये ध्वनिवर्धक रिसीव्हर जोडलेला असेल, तर स्रोताच्या हाती पडणारे परिचयपत्र त्या मधल्या यंत्राच्या हातून गेलेले असते; ते यंत्र जुने असल्यास नव्या प्रोजेक्टरची क्षमता स्रोतापर्यंत पोहोचतच नाही. तिसरा असा, की ‘फोर के’ चित्रपटांसाठी एचडीसीपी २.२ या प्रतिलिपी-संरक्षणाची अट घातलेली असते. साखळीतील एकही दुवा ती पुरी करू शकला नाही, तर स्रोतयंत्र विभेदन उतरविते अथवा चित्रच बंद करते. या तिन्ही घटना वापरणाऱ्याच्या नकळत घडतात; आणि प्रोजेक्टर खालच्या विभेदनाचे चित्र पडदा भरेल असे ताणून दाखवीत असल्यामुळे पडद्यावरील चित्राच्या आकारात काहीच फरक पडत नाही. तपासणीची गरज नेमकी येथे आहे.

६. मेनूतील नोंद कशी वाचावी

बहुतेक प्रोजेक्टरांच्या रिमोटवरून मेनू उघडल्यास ‘माहिती’ या अर्थाचा एक विभाग सापडतो. त्यात आदान-द्वार, विभेदन, चौकटींची वारंवारता आणि पुष्कळदा रंगांची खोली व रंगप्रकार यांच्या नोंदी असतात. ज्या चित्राविषयी शंका असेल ते चित्र प्रत्यक्ष चालू ठेवूनच ही नोंद वाचली पाहिजे. स्रोतयंत्राची यादी पडद्यावर असताना एक सिग्नल व चित्रपट सुरू झाल्यावर दुसरा, असे नेहमी घडते.

विभेदनाच्या संख्येपुढे ‘पी’ किंवा ‘आय’ हे अक्षर असते. ‘पी’ म्हणजे प्रत्येक चौकटीत सर्व ओळी. ‘आय’ म्हणजे एका वेळी विषम व दुसऱ्या वेळी सम ओळी. आपल्याकडे या दुसऱ्या प्रकारास ऐतिहासिक कारण आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले, तेव्हा भारतीय प्रक्षेपणाची पद्धत ६२५ ओळींची व ५० हर्ट्झची होती. तीत दृश्य ओळी ५७६ असून त्या एकाआड एक पाठविल्या जात. उच्च विभेदनाच्या वाहिन्या आल्यावरही ५० हर्ट्झ व एकाआड एक ओळी ही परंपरा पुष्कळ अंशी टिकून राहिली. तेव्हा सेट-टॉप बॉक्स जोडल्यावर ‘१०८० आय, ५० हर्ट्झ’ अशी नोंद दिसली, तर तो बिघाड समजू नये. ‘१०८० पी’ अशी नोंद दिसली, तरी तेवढ्याने वाहिनीचा दर्जा सिद्ध होत नाही. सेट-टॉप बॉक्सने स्वतःच ओळी भरून काढलेल्या असण्याचा संभव असतो. त्याचप्रमाणे ६० ऐवजी ५९.९४ किंवा २४ ऐवजी २३.९८ अशी संख्या दिसणे हेही दोषाचे लक्षण नव्हे. या प्रमाणित वारंवारताच आहेत.

जुन्या धाटणीच्या काही मेनूंत विभेदनाऐवजी आडवी व उभी वारंवारताच दिलेली असते. त्यावरूनही विभेदन काढता येते. आडव्या वारंवारतेस उभ्या वारंवारतेने भागावे, म्हणजे रिकाम्या काळासह ओळींची संख्या मिळते. ६७.५ किलोहर्ट्झ व ६० हर्ट्झ असल्यास भागाकार १,१२५ येतो, अर्थात सिग्नल १,०८० दृश्य ओळींचा आहे. ४५ किलोहर्ट्झ व ६० हर्ट्झ असल्यास ७५० येतो, अर्थात दृश्य ओळी ७२० आहेत. १३५ किलोहर्ट्झ असल्यास २,२५०, अर्थात २,१६०.

संगणक जोडलेला असेल, तर दुसऱ्या बाजूनेही पडताळा घ्यावा. संगणकाच्या पडदाविषयक तपशिलात डेस्कटॉपचे विभेदन व प्रत्यक्ष बाहेर जाणाऱ्या सिग्नलचे विभेदन अशा दोन नोंदी निरनिराळ्या असू शकतात. डेस्कटॉप १२८० × ७२० चा असूनही सिग्नल १९२० × १०८० चा जाऊ शकतो. अशा वेळी आकारबदल संगणकाच्या आतच होऊन गेलेला असतो, आणि प्रोजेक्टरच्या मेनूत त्याचा मागमूसही राहत नाही.

७. चाचणीचित्र व पट्ट्यांची संख्या

आता आरंभीच्या प्रसंगाकडे वळू. मेनूतील नोंद यथार्थ असूनही चित्र यथार्थ का नव्हते? याचे उत्तर ज्यायोगे मिळते ती चाचणी अत्यंत सोपी असून तिला कोणतेही उपकरण लागत नाही.

सिग्नलच्या विभेदनाएवढेच एक चित्र तयार करावे. त्यात एक स्तंभ पांढरा, एक काळा, असे एकेका बिंदूचे स्तंभ एकाआड एक असावेत. ते तपशील न गमावणाऱ्या स्वरूपात साठवून, कोणताही लहान-मोठा आकार न देता, पूर्ण पडद्यावर दाखवावे. प्रोजेक्टरमधील कीस्टोन, म्हणजे तिरकेपणाची सुधारणा, त्यापूर्वी बंद करावी. कारण ती सुधारणा हादेखील एक आकारबदलच असतो. सिग्नलचा प्रत्येक स्तंभ फलकाच्या एकेका स्तंभावर बिनचूक बसत असेल, तर जवळून स्वच्छ काळ्या-पांढऱ्या रेषा व दुरून एकसंध करडा पृष्ठभाग दिसतो. तसे बसत नसेल, तर रुंद पट्ट्या उमटतात.

या पट्ट्यांची संख्या निरर्थक नसते. समजा, सिग्नलचे ‘म’ स्तंभ फलकाच्या ‘न’ स्तंभांवर पसरविले जात आहेत, आणि ‘म’ हा ‘न’ हून किंचित लहान आहे. डाव्या कडेला दोन्हींचे स्तंभ एकमेकांशी जुळलेले आहेत असे धरू. उजवीकडे जावे तसतसे ते एकमेकांपासून हळूहळू सरकत जातात. सरक अर्ध्या स्तंभाएवढी झाली, की फलकाचा प्रत्येक बिंदू एका पांढऱ्या व एका काळ्या स्तंभाच्या बरोबर मध्ये येतो. तेथे दोहोंची सरासरी होऊन सपाट करडा रंग उरतो. सरक पूर्ण एका स्तंभाएवढी झाली, की स्तंभ पुन्हा जुळतात व रेषा पुन्हा स्वच्छ होतात. याप्रमाणे एका स्तंभाच्या सरकेमागे एक पट्टी निर्माण होते. संपूर्ण रुंदीतील एकूण सरक ‘न’ वजा ‘म’ एवढी असते. म्हणून पट्ट्यांची संख्याही ‘न’ वजा ‘म’ एवढीच असली पाहिजे.

आम्ही ही चाचणी घेतली, तेव्हा पट्ट्या ४८ भरल्या. फलकाचे स्तंभ १,९२० होते. म्हणजे सिग्नलचे १,८७२ स्तंभच फलकावर पसरविले जात होते. १,९२० चा अडीच टक्के भाग बरोबर ४८ होतो. आडव्या रेषांचे चाचणीचित्र लावले, तेव्हा पट्ट्या २७ आल्या. १,०८० चे अडीच टक्केही २७ च. दोष कोठे आहे हे यावरून उघड झाले. प्रोजेक्टरमध्ये ओव्हरस्कॅन ही सोय चालू होती. जुन्या दूरदर्शन-संचांत चित्राच्या कडा दृष्टीआड ठेवण्याची पद्धत होती. तिचाच हा अवशेष. प्रोजेक्टर चित्राच्या कडा कापीत होता व उरलेला भाग ताणून पडदा भरीत होता. ती सोय बंद करताच पट्ट्या नाहीशा झाल्या, आणि त्यांच्याबरोबर चर्चासत्रातील ती उपपत्तीही.

या युक्तिवादात स्केलर दोन शेजारी स्तंभांची सरासरी घेतो असे गृहीत धरले आहे. तो केवळ निकटतम स्तंभाचे मूल्य उचलणारा असेल, तर पट्ट्यांऐवजी तितक्याच ठिकाणी दुप्पट जाडीची रेषा दिसते. गणनेचा निष्कर्ष तोच राहतो. ‘म’ व ‘न’ यांत अंतर पुष्कळ असेल, उदाहरणार्थ १२८० व १९२०, तर दर तीन बिंदूंनी एक आवर्तन पुरे होते. तेथे रुंद पट्ट्या न दिसता रेषा ओबडधोबड व मलूल दिसतात. ३८४० × २१६० चे चाचणीचित्र लावले असता सिग्नल गुपचूप १९२० × १०८० वर उतरलेला असेल, तर शेजारच्या काळ्या-पांढऱ्या स्तंभांची सरासरी होऊन सर्वत्र करडा रंग दिसतो, आणि जवळ जाऊनही रेषा सापडत नाहीत.

मात्र पिक्सेल सरकविणाऱ्या प्रोजेक्टरांच्या बाबतीत या चाचणीचा निकाल जपून वापरावा. तेथे सरकलेल्या प्रतिमा एकमेकींवर अंशतः पडत असल्याने, सिग्नल निर्दोष असूनही एकेका बिंदूच्या रेषा फिक्या दिसू शकतात. सारांश, सिग्नलविषयीच्या प्रश्नाचे उत्तर मेनूत शोधावे व फलकाविषयीच्या प्रश्नाचे चाचणीचित्रात. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या ठायी लावू नये.

८. रंगांचे विभेदन

विभेदनाची नोंद बरोबर असूनही तपशील गळण्याचा आणखी एक मार्ग आहे. मानवी डोळा तेजस्वितेतील सूक्ष्म फरक जितक्या काटेकोरपणे ओळखतो, तितक्या काटेकोरपणे रंगांतील ओळखीत नाही. याचा फायदा घेऊन पुष्कळदा रंगाची माहिती कमी बिंदूंसाठीच पाठविली जाते. ४:४:४ या प्रकारात प्रत्येक बिंदूस स्वतंत्र रंग मिळतो. ४:२:२ मध्ये आडव्या दिशेने दोन बिंदूंत एक. ४:२:० मध्ये दोन गुणिले दोन अशा चार बिंदूंत एक. शेवटच्या प्रकारात एकूण भार निम्मा होतो. ३८४० × २१६०, ६० हर्ट्झचा ८ बिटी सिग्नल यायोगे १७.८२ ऐवजी ८.९१ गिगाबिटांत, म्हणजे जुन्या मर्यादेतही मावतो. उलट रंगांची खोली १० बिट केली व प्रत्येक बिंदूस स्वतंत्र रंग ठेवला, तर २२.२७५ गिगाबिट लागतात. १८ गिगाबिटांच्या दुव्यावर ते शक्यच नाही.

चित्रपटासाठी या काटकसरीने काही बिघडत नाही. चित्रपट बहुधा ४:२:० स्वरूपातच साठविलेले असतात. परंतु संगणकावरील बारीक रंगीत अक्षरे, आलेखांतील रंगीत रेषा किंवा रंगविलेल्या सूक्ष्मदर्शक-चित्रांतील कडा यांच्या बाबतीत ती बाधक ठरते. तपासणीसाठी लाल व निळ्या रंगांचे एकेका बिंदूचे स्तंभ एकाआड एक दाखवावेत. काळ्या-पांढऱ्या रेषा स्वच्छ दिसत असून लाल-निळ्या रेषा मात्र एकमेकींत मिसळून जांभळट दिसत असतील, तर रंगाची माहिती कमी केली जात आहे असे समजावे.

९. दोषशोधनाचा क्रम

अपेक्षित विभेदन न मिळाल्यास एका वेळी एकच बदल करावा, हा प्रयोगशाळेतील नियम येथेही लागू आहे. प्रथम मधली सर्व यंत्रे वगळून स्रोत थेट प्रोजेक्टरला जोडावा. नोंद सुधारली, तर दोष मधल्या यंत्रात आहे. न सुधारल्यास प्रोजेक्टरचे दुसरे द्वार वापरून पाहावे. सर्व द्वारांची क्षमता सारखी असतेच असे नाही, व काही प्रोजेक्टरांत द्वाराची पूर्ण क्षमता मेनूतून मुद्दाम चालू करावी लागते. त्यानंतर आखूड केबल लावून पाहावी. शेवटी स्रोतयंत्रातील विभेदन हाताने निवडून पाहावे.

केबलविषयी एक सूचना अवश्य वाटते. अंकीय सिग्नलमध्ये केबलच्या दोषाने चित्र हळूहळू अस्पष्ट होत नाही. पडद्यावर चमकते ठिपके उठतात, चित्र क्षणभर जाते, किंवा मुळीच येत नाही. काही स्रोतयंत्रे अशा वेळी आपण होऊन खालच्या विभेदनावर उतरतात. तेव्हा चित्र स्थिर, पण मऊ दिसत असेल, तर महागडी केबल आणण्यापूर्वी मेनूतील नोंद पाहावी. नोंद योग्य असल्यास आकारबदल, ओव्हरस्कॅन, कीस्टोन आणि भिंगाचे फोकस यांची झडती घ्यावी.

१०. समारोप

एवढा खटाटोप करण्याजोगा फरक डोळ्यांना दिसतो काय, हा प्रश्न रास्त आहे. सामान्य निरोगी डोळा सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातील तपशील ओळखतो. १०० इंच कर्णाच्या, १६:९ प्रमाणाच्या पडद्याची रुंदी सुमारे २२१ सेंटिमीटर असते. त्यावर १,९२० स्तंभ असल्यास एका बिंदूची रुंदी सुमारे १.१५ मिलिमीटर होते. हा बिंदू सुमारे ४ मीटर अंतरावरून एका कलेएवढा दिसतो. ३,८४० स्तंभांसाठी हेच अंतर २ मीटर येते. घरातील बैठक सामान्यतः या दोहोंच्या दरम्यान असते. म्हणून तेथे विभेदनातील फरक काही प्रमाणात जाणवतो. पाच-सहा मीटरांवर बसणाऱ्यास तो जवळजवळ जाणवणारच नाही. परंतु आकारबदलाने निर्माण होणाऱ्या खोट्या पट्ट्या बिंदूंपेक्षा कित्येक पटींनी रुंद असल्यामुळे वर्गाच्या शेवटच्या बाकावरूनही स्पष्ट दिसतात. जो तपशील हरवला तो दूरच्या प्रेक्षकास कळत नाही. जो नसताना उत्पन्न झाला तो मात्र सर्वांना दिसतो. अभ्यासकाच्या दृष्टीने यांतील दुसरा दोष अधिक घातक होय.

क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली नमुना-ग्रहणाचा सिद्धांत ज्या स्वरूपात मांडला, त्याचे मर्मही हेच आहे. नमुने अपुरे पडले, की माहिती केवळ नाहीशी होत नाही. ती वेषांतर करून परत येते. पडद्यावरील पट्ट्या हे असेच वेषांतर होते. मेनूतील नोंद पाहणे हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे, व चाचणीचित्र लावणे पाच मिनिटांचे. चर्चासत्राच्या आरंभी आमच्या विभागात आता ही दोन्ही कामे नियमाने केली जातात. आणि पडद्यावर काही अपूर्व दिसले, तर ते प्रथम लहान पडद्यावर पडताळून मगच त्यावर चर्चा सुरू होते.